नाव चुकले, माप जुळले

खाते उघडण्याच्या अर्जावर नावातील एखादे अक्षर चुकले तर पुढे काय काय घडते, हे बँकेत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. धनादेश परत येतो, ओळखपत्राशी नाव जुळत नाही, शपथपत्र आणावे लागते आणि ग्राहक व कर्मचारी या दोघांचीही सकाळ एका वेलांटीपायी खर्ची पडते. अशा चुकीतून कोणाचे भले झाल्याचे सहसा ऐकिवात नसते. न्यूयॉर्क शहरात १९०४ च्या सुमारास मात्र तसे घडले. लीना ब्रायंट नावाच्या, शिवणकामावर उदरनिर्वाह करणाऱ्या पंचविशीतील विधवेने आपल्या छोट्या दुकानासाठी बँकेत खाते उघडले, तेव्हा कागदावर ‘लीना’चे ‘लेन’ झाले. इंग्रजी स्पेलिंगमधील दुसऱ्या आणि चौथ्या अक्षराने, म्हणजे ‘ई’ आणि ‘ए’ने, आपापसांत जागा बदलल्या, एवढेच. कोणी सांगतात, ही चूक बँकेच्या अधिकाऱ्याची. कोणी सांगतात, एवढी रक्कम प्रथमच हाताळणाऱ्या लीना यांचाच हात थरथरला. चूक कोणाचीही असो, त्यांनी ती दुरुस्त करून घेतली नाही. ‘लेन ब्रायंट’ हेच नाव दुकानाच्या पाटीवर गेले आणि अमेरिकेतील स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या व्यापारात ते आज शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

नावाची ही गोष्ट रंजक आहे, म्हणून ती वारंवार सांगितली जाते. परंतु त्या खात्यावर पुढे जो पैसा जमा झाला तो नावामुळे झाला नाही. बाजार ज्या स्त्रियांना ग्राहक मानावयासच तयार नव्हता, त्यांच्यासाठी कपडे शिवावेत, हे या बाईंना सुचले. त्या पैशाचा उगम तेथे आहे.

रिएटावासहून न्यूयॉर्कला

महाराष्ट्रात ज्यू समाज म्हटला की कोकणातील बेने इस्रायली बांधव आठवतात. तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले आणि घरात मराठी बोलणारे हे लोक. आपल्या गावात त्यांना धर्मापायी छळ सोसावा लागला नाही. रशियाच्या झारच्या साम्राज्यातील ज्यूंचे भाग्य असे नव्हते. कोठे राहावे, कोणता व्यवसाय करावा, किती मुलांनी शिकावे, यावर तेथे निर्बंध होते. १८८१ नंतर दंगलींचे सत्र सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धापर्यंतच्या तीन-साडेतीन दशकांत पूर्व युरोपातील सुमारे वीस लाख ज्यूंनी घरदार सोडले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेले.

लीना हिमेलस्टाइन त्यांतीलच एक. आजच्या लिथुआनियात, त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या रिएटावास या गावी तिचा जन्म १८७९ साली झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली आणि आजी-आजोबांनी तिला वाढविले. १८९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, दूरच्या नातेवाइकांनी तिच्या प्रवासाचा खर्च उचलला आणि ती न्यूयॉर्कला पोहोचली. या औदार्याचा अर्थ तेथे उतरल्यावर कळला. नातेवाइकांच्या मनात आपल्या मुलाशी तिचे लग्न लावून द्यावयाचे होते. लीनाने नकार दिला. परक्या देशात, भाषा येत नसताना, हाती पैसा नसताना दिलेला हा नकार पुढच्या साऱ्या चरित्राहून लहान नव्हे.

तिची बहीण आधीच न्यूयॉर्कमध्ये होती. तिच्यासोबत लीना स्त्रियांची अंतर्वस्त्रे शिवण्याच्या कारखान्यात जाऊ लागली. पहिला पगार आठवड्याला १ डॉलर. कोंदट खोल्या, मान मोडून बारा-बारा तास यंत्रावर बसणे आणि नगावर मजुरी, असे त्या कारखान्यांचे स्वरूप होते. या कामाने अनेकींची दृष्टी अधू झाली आणि फुप्फुसे गेली. लीनाच्या बोटांत मात्र कसब होते. तलम कापड आणि लेस हाताळण्यात ती इतकी तरबेज झाली की चार वर्षांत तिची कमाई आठवड्याला १५ डॉलरपर्यंत गेली. १८९९ मध्ये डेव्हिड ब्रायंट या ब्रुकलिनमधील जवाहिऱ्याशी तिचा विवाह झाला आणि कारखाना सुटला. पुढच्याच वर्षी राफाएल हा मुलगा झाला. संसार जेमतेम मार्गी लागतो आहे तोच क्षयाने डेव्हिडचा अंत झाला. मूल अद्याप तान्हे होते.

कर्णफुले गहाण पडतात

पतीने मागे ठेवलेल्या चीजवस्तूंपैकी मोलाची अशी एकच गोष्ट होती: हिऱ्यांच्या कर्णफुलांची जोडी. लीना यांनी ती गहाण टाकली आणि त्या पैशांतून शिवणयंत्र घेतले.

दागिना गहाण टाकणे ही भारतीय घरांत अपरिचित घटना नाही. आजारपण, लग्नकार्य, शाळेची फी, पेरणी, अशा कितीतरी कारणांनी मंगळसूत्र सोडून बाकी सारे सराफाच्या वा बँकेच्या तिजोरीत जाते. त्यात कमीपणा काही नाही. परंतु सोनेतारण कर्जाचे अर्ज हाताळणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्यास एक फरक ठाऊक असतो. खर्चासाठी ठेवलेला दागिना सोडविताना मोठी दमछाक होते. कमाईचे साधन घेण्यासाठी ठेवलेला दागिना ते साधनच सोडविते. लीना यांचा दागिना दुसऱ्या प्रकारात मोडत होता. दिवसा बाळ आणि शिवण, रात्री पुन्हा शिवण, असा क्रम सुरू झाला. नववधूंसाठी नाजूक अंतर्वस्त्रे, घरात घालावयाचे झुळझुळीत अंगरखे, लेस लावलेले पोशाख यांना मागणी येऊ लागली. जाहिरात अशी नव्हतीच. एकीने दुसरीला सांगावे आणि दुसरीने तिसरीला घेऊन यावे.

याच सुमारास मुंबईत आणखी एक ज्यू विधवा व्यापार सांभाळत होती. बगदादहून आलेल्या ससून घराण्यातील फ्लोरा ससून यांचे पती १८९४ मध्ये निवर्तले आणि डेव्हिड ससून आणि कंपनीच्या मुंबईतील कारभाराची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १९०१ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तोवर गिरण्यांपासून परदेशी व्यापारापर्यंतचा पसारा त्यांनी चालविला. दोघींचा धर्म एक, वैधव्य एक, कापडाशी नातेही एक. परंतु फ्लोराबाईंना पेढी वारशाने मिळाली होती आणि लीना यांना कर्णफुले. दोन्ही ठिकाणी बाईला व्यवहार कळतो का, ही शंका मात्र सारखीच घेतली गेली असणार.

१९०४ मध्ये लीना यांनी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, १२० व्या रस्त्याजवळ, दुकानाचा गाळा घेतला. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू म्हटले की झगमगाट डोळ्यांपुढे येतो. परंतु हा भाग हार्लेमकडचा, साध्या वस्तीचा होता. महिन्याचे भाडे साडेबारा डॉलर आणि राहण्याची सोय दुकानाला जोडूनच. पुढे गिऱ्हाईक, मागे चूल, मध्ये यंत्र. अशी दुकाने आपल्याकडेही ठायी ठायी आढळतात. चंदीगडच्या वेशीवर असलेल्या खरडसारख्या पंजाबी गावात सलवार-कमीज शिवून देणारी बाई आपल्या दुकानावर ‘बुटीक’ अशी पाटी लावते. इचलकरंजीत वा सोलापुरात तीच बाई घराच्या ओसरीत ब्लाऊज शिवते आणि पाटी लावतच नाही. दोघींचा हिशेब बहुधा एकाच वहीत असतो, घरचा आणि धंद्याचा एकत्र. बँकेत स्वतंत्र खाते उघडले की प्रथम हे दोन हिशेब वेगळे होतात, आणि हा टप्पा कर्ज मंजूर होण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

लीना यांच्या त्या खात्यात जमा होणारी रक्कम ३०० डॉलर होती आणि ती त्यांच्या मेहुण्याने उसनी दिली होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम नऊशे-सव्वानऊशे रुपये होते. आजच्या किमतीने ढोबळ मानाने दहा हजार डॉलर. कोणत्याही संस्थेने नव्हे, नातेवाइकाने दिलेले हे भांडवल. अमेरिकेत स्त्री म्हणून कर्ज नाकारण्यास कायद्याने बंदी झाली ती १९७४ साली. तोवर पुरुषाची सही मागण्याची रीत अनेक ठिकाणी होती. योगायोग असा की १९०४ याच वर्षी हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा संमत झाला. तारण नसलेल्या माणसाला पत कशी द्यावी, हा प्रश्न त्या वेळी दोन्ही खंडांत उभा होता. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटातील ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. लीना यांच्या काळी असे काही असते, तर ती कर्णफुले कदाचित कानांतच राहिली असती.

‘क्रमांक ५’

दुकान सुरू झाले त्याच काळात एक ग्राहक स्त्री वेगळीच मागणी घेऊन आली. ती गरोदर होती. घराबाहेर पडता येईल, चारचौघांत वावरता येईल, दिसावयास शोभेल आणि अंगाला काचणार नाही, असा पोशाख तिला हवा होता.

मराठी वाचकाला या मागणीत विशेष काही वाटणार नाही. आपल्याकडे साडी आहे. तिच्या निऱ्या सैल सोडता येतात, पदर पुढे घेता येतो. पाचव्या महिन्यातील साडी नवव्या महिन्यातही तीच. शिवाय आपल्याकडे गर्भारपण लपवावयाची गोष्ट नव्हे. डोहाळजेवणात दोन जिवांच्या लेकीला हिरवी साडी नेसवितात, फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवून आळीतील बायका तिची ओटी भरतात. त्या काळच्या अमेरिकेतील सुस्थित घरांत रीत नेमकी उलटी होती. पोट दिसू लागले की स्त्रीने समाजातून दृष्टीआड व्हावे, असा संकेत होता. ‘गरोदर’ हा शब्दही चारचौघांत उच्चारला जात नसे. त्या काळचे पोशाख कमरेला आवळलेले, आत कडक कॉर्सेट. गरोदर स्त्रीसाठी कपडे शिवून दुकानात टांगावेत, ही कल्पनाच कोणी केली नव्हती. कारण दुकानांच्या लेखी अशी स्त्री रस्त्यावर नव्हतीच.

लीना यांनी जो पोशाख बेतला तो दिसावयास साधा होता. वरचा भाग आणि खालचा घेरदार झगा यांना त्यांनी इलॅस्टिकच्या पट्टीने जोडले. झग्याला पेटीच्या भात्यासारख्या बारीक चुण्या होत्या. कंबर वाढेल तशी पट्टी ताणली जाई आणि चुण्या उलगडत. उसवणे नको, पुन्हा शिवणे नको. निऱ्यांचे जे तत्त्व आपल्या आज्यांना उपजत ठाऊक होते, तेच येथे शिवलेल्या कपड्यात उतरले होते. तयार स्वरूपात विकला गेलेला हा पहिला ज्ञात गर्भारपणीचा पोशाख मानला जातो. दुकानात तो ‘क्रमांक ५’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वस्तूचे नाव उच्चारावयास संकोच वाटत असेल तर ग्राहकाने क्रमांक सांगावा, ही सोय आपोआप झाली.

श्रीमंत घरच्या स्त्रियांनी हा पोशाख घेतलाच. परंतु त्याचा खरा उपयोग झाला तो नोकरी करणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या, घरी बसणे ज्यांना परवडतच नव्हते अशा स्त्रियांना. त्यांच्यापुढे ‘दृष्टीआड व्हावे की न व्हावे’ हा प्रश्न नव्हता. काय घालून बाहेर पडावे हा होता.

वर्तमानपत्रांचा नकार

१९०९ मध्ये लीना यांनी आल्बर्ट मॅलसिन या यांत्रिकी अभियंत्याशी दुसरा विवाह केला. तेही लिथुआनियातून आलेले ज्यू स्थलांतरितच. विधवाविवाहाची ही गोष्ट आपल्या वाचकांना धोंडो केशव कर्व्यांच्या काळाची आठवण करून देईल. तेथे त्यावर एवढे वादळ उठले नाही, हा भाग वेगळा. मॅलसिन यांनी दुकानाच्या व्यवहारात लक्ष घातले आणि लीना यांना आपल्या खऱ्या कामासाठी, म्हणजे कपडे बेतण्यासाठी, मोकळीक मिळाली. वर्षाची विक्री त्या सुमारास ५०,००० डॉलरच्या पुढे गेली होती. मॅलसिन यांचे म्हणणे असे की एकेक नग शिवून देण्याऐवजी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर माल तयार करून घ्यावा आणि जाहिरात करावी.

कारखाना मिळणे सोपे होते. जाहिरात छापून घेणे अवघड. गरोदर स्त्रियांच्या कपड्यांची जाहिरात सभ्य वर्तमानपत्रात कशी द्यावयाची, असे म्हणून एकामागून एक वर्तमानपत्रांनी हात वर केले. ही टाळाटाळ काही वर्षे चालली. अखेर १९११ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने ती छापली. होऊ घातलेल्या मातेने घरात दडून बसण्याचे दिवस गेले, अशा आशयाचा तिचा मजकूर होता. दुसऱ्या दिवशी दुकान मिटण्याच्या वेळेपर्यंत सारा साठा संपला. ज्या ग्राहक अस्तित्वात नाहीत असे बाजार धरून चालला होता, त्या एका दिवसात रांगेने उभ्या राहिल्या.

तरीही दुकानात येऊन हा कपडा मागावयास अनेकींना संकोच वाटे. त्यावर उपाय निघाला टपालाचा. सचित्र सूचिपत्रक छापले, ते घरोघर गेले, आणि मागणी पत्राने येऊ लागली. १ जानेवारी १९१३ पासून अमेरिकेच्या टपालखात्याने पार्सलसेवा सुरू केली आणि शेतांवर, खेड्यापाड्यांत राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत माल पोहोचविणे सुकर झाले. आपल्याकडील ‘व्ही. पी.’ने पुस्तके मागविणारी पिढी अजून विसरलेली नाही. साध्या तपकिरी वेष्टनातून घरपोच येणाऱ्या वस्तूचा आनंद तिला समजावून सांगावा लागणार नाही. १९१७ पर्यंत एकट्या टपालविक्रीची उलाढाल १० लाख डॉलरच्या वर गेली. १९१५ मध्ये शिकागोला पहिली शाखाही उघडली होती.

छत्तीस इंचांपलीकडे

व्यवसाय येथेच थांबला असता तरी तो यशस्वी म्हणावा लागला असता. परंतु लीना आणि आल्बर्ट यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. त्या काळी तयार कपडे छत्तीस इंच छातीच्या ‘आदर्श’ बांध्यावर बेतले जात. त्याहून मोठ्या मापाच्या स्त्रीने शिंप्याकडे जावे किंवा मिळेल ते ढगळ वस्त्र अंगात घालावे. बाळंतपणे झालेली, चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली बाई दुकानातून रिकाम्या हाताने परते आणि दोष कपड्याचा नसून आपल्या देहाचाच आहे, असे मनाशी धरून घरी जाई.

मॅलसिन अभियंता होते. अंदाजावर विसंबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुकानात येणाऱ्या सुमारे ४,५०० स्त्रियांची मापे त्यांनी घेतली. शरीराच्या वळणांबरोबर वाकणारी एक लवचीक मोजपट्टी त्यांनी त्यासाठी तयार केली. एवढ्यावर समाधान न मानता एका विमा कंपनीकडे असलेली सुमारे दोन लाख स्त्रियांची आकडेवारी मिळविली. विमा कंपन्या वजन-उंचीच्या नोंदी मृत्यूचा धोका ठरविण्यासाठी ठेवत. त्याच नोंदी एका कपडेविक्रेत्याने झग्याचे काप ठरविण्यासाठी वापरल्या. आज ज्याला ग्राहकविदेचे विश्लेषण म्हणून मोठा मान आहे, ते काम संगणकाच्या कितीतरी आधी कागद-पेन्सिलीने झाले होते. या मापांतून जाड्या स्त्रियांचे ठोकळमानाने तीन प्रकार हाती आले: सर्वांगाने स्थूल, छातीकडे भरलेल्या आणि कमरेखाली भरलेल्या. सरसकट मोठे कापड कापून भागणार नाही. प्रत्येक प्रकारासाठी खांदा, छाती, नितंब यांचे प्रमाण वेगळे बेतावे लागेल, हे त्यातून सिद्ध झाले. शिंप्याला जे हाताने कळते ते कारखान्याला आकड्यांनी कळले.

१९२३ च्या सुमारास वार्षिक विक्री ५० लाख डॉलरला पोहोचली. गर्भारपणीच्या कपड्यांना मोठ्या मापाच्या कपड्यांनी तोवर मागे टाकले होते. एक मूळ धंदा आणि त्यातून निघालेली फांदी मूळ खोडापेक्षा जाड झालेली, असा हा प्रकार. त्याच वर्षी आल्बर्ट मॅलसिन यांचे निधन झाले. दुसऱ्यांदा वैधव्य आले तेव्हा लीना चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. या वेळी कर्णफुले गहाण टाकावी लागली नाहीत.

भारतात हे मापांचे काम फार उशिरा हाती घेतले गेले. आपल्याकडील तयार कपड्यांवर अमेरिकी वा ब्रिटिश मापांचे ‘एस’, ‘एम’, ‘एल’ छापले जातात आणि दुकानागणिक त्यांचा अर्थ बदलतो, याचा अनुभव प्रत्येक ग्राहकाला आहे. भारतीय देहयष्टीची स्वतंत्र मापसारणी असावी, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्रांनी घेण्याचा प्रकल्प योजला. एका दुकानदार जोडप्याने हाच खटाटोप शंभर वर्षांपूर्वी स्वखर्चाने केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या धाडसाची कल्पना येते.

शिवणाऱ्या हातांचा वाटा

लीना यांची जाहिरात छापली गेली त्याच १९११ सालच्या २५ मार्चला न्यूयॉर्कमधील ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. दारे कुलूपबंद असल्याने १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुणी होत्या. लीना सोळाव्या वर्षी ज्या प्रकारच्या कारखान्यात बसल्या, तशाच ठिकाणी, तेच काम करणाऱ्या त्या मुली. शिवणकामाच्या धंद्याने पूर्व युरोपातील ज्यू स्त्रियांना पोट भरण्याचे साधन दिले, त्यांतील काहींना मालक केले. मेडनफॉर्म या अंतर्वस्त्रांच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी आयडा रोझेंथल या अशाच आणखी एक. परंतु ज्यांची नावे पाटीवर गेली नाहीत अशांची संख्या अगणित आहे.

ज्या खुर्चीवर आपण बसलो होतो त्या खुर्चीची आठवण ‘लेन ब्रायंट’च्या व्यवस्थापनात दिसते. निवृत्तिवेतन, अपंगत्व साह्य, सामूहिक आयुर्विमा, डॉक्टर आणि रुग्णालय यांच्या खर्चाची भरपाई, नफ्यात वाटा, अशा सोयी या कंपनीने कर्मचाऱ्यांना दिल्या. त्या काळात दुकानांतील विक्रेत्या मुलींना असे काही मिळणे दुर्मीळ होते. कंपनीने भाग विक्रीस काढले तेव्हा २५ टक्के भाग कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आले. नव्याने येणाऱ्या निर्वासितांना आधार देणाऱ्या ज्यू मदतसंस्थांना लीना देणग्या देत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील विस्थापितांसाठी जमवावयाचे कपडे कंपनीच्या दुकानांतून गोळा होत.

ग्राहकाशी असलेल्या नात्याचे एक उदाहरण मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. आपत्तीत ज्या ग्राहकाचे ‘लेन ब्रायंट’चे कपडे नष्ट होतील, त्यांना ते पुन्हा देण्याची व्यवस्था कंपनीने अमेरिकन रेडक्रॉसच्या साह्याने केली होती. १६ एप्रिल १९४७ रोजी टेक्सास राज्यातील टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेट भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो लोक दगावले, घरे जमीनदोस्त झाली. त्या वेळी टपालाने कपडे घेणाऱ्या ५८ ग्राहकांना कंपनीने त्यांचे कपडे नव्याने दिले. विम्याचा हप्ता कोणी भरला नव्हता. सूचिपत्रकातून एखादा झगा मागविला होता, एवढेच त्या ग्राहकांचे कंपनीशी नाते.

व्यवसायाची धुरा पुढे राफाएलने वाहिली. वडील गेले तेव्हा तान्हे असलेले तेच मूल. लीना ब्रायंट मॅलसिन २६ सप्टेंबर १९५१ रोजी, बाहत्तराव्या वर्षात, मरण पावल्या. त्यांच्यानंतर १९८२ मध्ये ‘द लिमिटेड’ या उद्योगसमूहाने कंपनी विकत घेतली, २००१ मध्ये ती ‘चार्मिंग शॉप्स’कडे गेली आणि नंतरही मालकी बदलत राहिली, २०२० च्या महामारीत तेव्हाच्या मालक कंपनीचे दिवाळे निघाल्यावर आणखी एकदा. खरेदीखतांवर इतक्या वेळा सह्या झाल्या, पण नावातील ती दोन अक्षरे जागच्या जागी परत न्यावीत, असे कोणालाही वाटले नाही.